समुद्रावरचं टक्कल

माझ्या मामाचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना स्वच्छ दिसावं, हा त्याचा धंदा. फावल्या वेळात तो कॉम्प्युटरवरच्या एका गेमच्या आभासी जगात भटकतो आणि तिथले फोटो अख्ख्या खानदानाला पाठवतो. काय ते फोटो! धुरकट डोंगर, तिरका समुद्र आणि मधोमध मामाचं टक्कल. कारण हा बहाद्दर स्क्रीनसमोर मोबाइल धरून फोटो काढायचा, आणि स्क्रीनच्या काचेत स्वतःच बनियनमध्ये उमटायचा. मागे केस विंचरणारी मामीसुद्धा.

शेवटी माझं डोकं फिरलं. त्याच्या घरी जाऊन मी त्याला गेममधलंच कॅमेऱ्याचं बटण दाखवलं, चित्राचा दर्जा वाढवून दिला. समुद्र असा लख्ख आला की मामा आ वासून बघत राहिला.

मामीने चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "छान आहे हो. पण यात तुम्ही कुठे आहात? आणि मी?"

दुसऱ्या दिवशी मामाचा फोटो आला. तोच धुरकट समुद्र, तेच टक्कल. सुधारणा म्हणाल तर एवढीच, की मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मामी शेजारी खुर्ची ओढून बसली होती.