दह्याच्या बादलीतलं पाणी

एप्रिलमधल्या एका बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास कनाटा या उपनगराच्या पश्चिमेला पडता पाऊस तारांवरच गोठू लागला, तारा तुटल्या, वीज गेली आणि आमच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. शहराची पाइपलाइन आमच्या रस्त्यापर्यंत येत नाही. वीज नाही म्हणजे नळाला पाणी नाही. घरात चार माणसं होती: मी, माझी बायको, बाटलीने दूध पिणारी आमची चार महिन्यांची मुलगी, आणि जगातल्या एकाही नळावर विश्वास नसलेले बायकोचे मामा.

मामा नागपूरचे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, सध्या आमच्याकडे राहायला आलेले. कोणाच्याही घरी गेले की ते आधी पाणी मागतात आणि पेला खिडकीसमोर धरून इतका वेळ पाहतात की यजमानाला अपराधी वाटू लागतं. टोरोंटोत एका नातेवाइकाच्या बहुमजली कॉन्डोत चहा होईपर्यंत ते दिसेनात. शोधाशोध केल्यावर ते वॉचमनला हिंदीत गच्चीवरची टाकी दाखवायला सांगताना सापडले. वॉचमन पोर्तुगीज होता. नायगारा धबधब्यासमोर सगळे फोटो काढत असताना मामा वीस मिनिटं गप्प उभे होते. मग म्हणाले, "उंची चांगली आहे. पंप लागणार नाही." पण त्यांची सर्वांत पक्की सवय पहिल्या पेल्याची. कोणत्याही गावात नवी नळयोजना सुरू झाली की सरपंचाच्या आधी ते स्वतः पाणी प्यायचे आणि अर्धा तास खुर्चीवर बसून राहायचे. अर्ध्या तासात जंतूंबद्दल काहीच सिद्ध होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी ते बसायचे.

गुरुवारी सकाळी घरातलं बाटलीबंद पाणी संपलं. रस्त्यावर मेपलचं झाड आडवं पडलं होतं आणि त्याखाली विजेची तार होती, त्यामुळे गाडी काढता येत नव्हती. दुधाची पावडर भरपूर होती, पाणी नव्हतं. बायको रडवेली झाली होती. मामा मात्र खुशीत दिसत होते. निवृत्तीनंतर आठ वर्षं कोणी ऐकून न घेतलेल्या माणसाला अचानक सभागृह मिळावं तसे.

"घरात बादल्या आहेत ना?" त्यांनी विचारलं.

होत्या. इथल्या प्रत्येक मराठी बेसमेंटमध्ये असतात तशा दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादल्या, एकात एक घातलेल्या. बायको त्या टाकू देत नाही. मामांनी एकीच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, तळाशी स्वतःचा धुतलेला पंचा चौपदरी अंथरला, त्यावर खडी, मग रेती, मग बार्बेक्यूचा कोळसा कुटून, वर पुन्हा रेती. कोळशाच्या पिशवीवरचं अक्षरन् अक्षर त्यांनी मला वाचायला लावलं. पेटवायचं तेल मारलेला असेल तर नको होता. नुसता लाकडाचा निघाला. मागच्या नाल्याचं पाणी त्यांनी नाकारलं: "शेतातून येऊन राहिलं ते. खत असेल. गाळून, उकळून खत जात नाही." कुंपणाच्या सावलीत उरलेला बर्फ आम्ही घरामागच्या लाकडी डेकवर, गॅसच्या बार्बेक्यूवर वितळवला. पातेल्यात पालापाचोळा आणि माती तरंगत होती. बादलीतून थेंब थेंब पडलेलं पाणी मात्र काचेसारखं होतं.

"झालं?" बायकोने विचारलं. मुलगी तिच्या खांद्यावर रडत होती.

"निम्मं झालं," मामा म्हणाले. "हे नुसतं दिसायला स्वच्छ आहे बाई. जंतू उकळल्यावरच मरतील. खळखळून उकळी आली की घड्याळ लावा. एक मिनिट पुरतं, आपण तीन धरू."

तीन मिनिटं झाली. पाणी निवलं. बायकोने ते बाटलीत ओतून पावडरचा पहिला चमचा टाकला.

"थांब!" मामांनी पेला भरला. "अर्धा तास."

"मामा, ती भुकेली आहे हो! कुठला नियम हा?"

"खात्याचा."

"तुम्ही रिटायर होऊन आठ वर्षं झाली."

"खातं आहे अजून." ते प्याले. त्यांचा चेहरा उतरला. दुसरा घोट घेऊन त्यांनी तो डेकवरून खाली थुंकला. "जावईबापू, हे खारट लागून राहिलं. रेती तुम्ही कोणती दिली?"

"तीच, गॅरेजमधली पिवळी बादली."

एवढं बोलल्यावर मला आठवलं. डिसेंबरमध्ये बर्फ साचलेल्या पायऱ्यांवर कोणी घसरू नये म्हणून त्या रेतीत मी स्वतः मीठ कालवलं होतं. मामांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं; नागपुरात रेती म्हणजे रेती. उकळल्याने मीठ जात नाही, उलट वाढतं, आणि चार महिन्यांच्या बाळाला ते पाजणं धोक्याचं होतं. बायकोने हातातली बाटली डेकच्या कठड्यावरून रिकामी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"दुसरी रेती?" एवढंच मामांनी विचारलं.

मागच्या उन्हाळ्यात अंगणात फरशा बसवताना उरलेली एक न फोडलेली पिशवी शेडमध्ये होती. नवी बादली, नवा पंचा, नवी खडी, नवा कोळसा. रेती धुऊन निघावी म्हणून पहिली दोन पातेली पाणी मामांनी ओतून दिलं, तिसरं ठेवलं. उकळलं, तीन मिनिटं. तोपर्यंत मुलगी रडून थकली होती आणि नुसती हुंदके देत होती. मामांनी पेला तोंडाला लावला, डोळे मिटले.

"गोडं आहे," ते म्हणाले, आणि सवयीने खुर्चीकडे वळले. मग मुलीकडे पाहून थबकले. "पाज तिला. मी बसतो इथे."

तिने नव्वद मिलिलिटर दूध घेतलं आणि झोपली. शुक्रवार सकाळपर्यंत मामा बादलीपाशीच होते. दर तीन तासांनी एक पातेलं पाणी तयार असायचं. नऊ वाजता वीज आली आणि सिंकचा नळ खरखर करत सुरू झाला. मामा तेव्हा सोफ्यावर, बुटांसकट, झोपले होते. दुपारी एकपर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.