घरावरून गेलेली रेघ

नगर नियोजनाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी माझंच गाव निवडलं होतं. केळझरच्या अलीकडचं, भाजीपाला पिकवणारं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भिंतीवरचा माझा नकाशा न्याहाळला आणि विचारलं, "यात तुझं घर कुठं आहे?" मी आनंदानं बोट ठेवलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि आमच्या घरावरून, विहिरीवरून, मेथीच्या वाफ्यांवरून सरळ रेघ ओढली.

"हा रस्ता मंजूर झालाय. आता या घरातल्या म्हाताऱ्याला उठायला सांग."

म्हातारा म्हणून त्यांनी एका वर्गमित्राला खुर्चीवर बसवलं. तो मुद्दाम माझ्या वडिलांच्या बोलीत ओरडला, "काऊन उठू मी? मले नाई जायचं!" सगळा वर्ग हसला. आमचे सरही हसले. मी ओढणीनं डोळे पुसले, तसे परीक्षक म्हणाले, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथं बोल."

मग मी बोलले. मोबदला, सार्वजनिक हित, पर्यायी जागा, सगळं शांतपणे, कुठंही न अडखळता.

"आता तू नोकरीला तयार झालीस," ते म्हणाले. वर्गात सर्वांत जास्त गुण मलाच मिळाले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बाबा उद्याच्या बाजारासाठी वांगी पोत्यात भरत होते.

"काय इचारलं वं परीक्षेत?"

"रस्त्याचं."

"बरं झालं," ते खूश होऊन म्हणाले. "आपल्या इकडं रस्ता पाह्यजेच."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि किडकी वांगी वेगळी काढू लागले.