इस्त्रीच्या हातचे पफ

नमूद करण्यात येते की, सदर व्यक्ती विवाहित स्त्री असून वय पन्नाशीच्या अलीकडे, उंची बेताची, आवाज तसा नाही. व्यवसाय : लाँड्रीत इस्त्री करणे. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. टोपणनाव : कडक काकू. हे नाव स्टार्चवरून पडलेले असून स्वभावाशी त्याचा संबंध नाही, असे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. त्यांच्या अंगावरील कपड्यांत यंदाच्या सणापर्यंत एकही सुरकुती आढळून आलेली नव्हती.

उमेदीची सगळी वर्षं वस्तू सपाट करण्यात गेली की हाताला तीच सवय लागते. काकू दुकानात बिलाचा कागद घेतात तोही तळहाताने दाबून सरळ करतात. बसमध्ये शेजारणीच्या ओढणीची चुणी पाहून त्यांचे हात शिवशिवतात. सासरच्या मंडळींनी हा गुण फार लवकर हेरला. सणाला सगळं घराणं नणंदेकडे जेवायला जमतं आणि कोणी काय आणायचं ते नणंद ठरवते. जावेकडे सॅलड, दिरांकडे सरबत. काकूंकडे लग्न झाल्यापासून कागदी ताटल्या.

यंदाही फोन आला.

"वहिनी, तुम्ही आपल्या त्या ताटल्या आणा हं. तुमचं आपलं सोपं."

'सोपं' हा शब्द काकूंना वर्मी लागला. "वन्सं, यंदा गोड मी आणते," त्या म्हणाल्या. "फळांचे पफ. घरी केलेले."

नणंद म्हणाली, "बरं. मी आपला एक केक आणून ठेवते. असावा."

म्हणजे टेबलावर दोन पदार्थ असणार होते आणि घराणं त्यातला एक खाणार होतं. केक संपला आणि पफ उरले, तर मरेपर्यंत ताटल्या. हे काकूंना स्पष्ट दिसत होतं आणि तरीही त्या इतक्या खुशीत होत्या की त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या मोज्यांनाही इस्त्री केली.

ओव्हन घरात होता. नवऱ्याला सोडतीत लागलेला; आजवर त्यात कांदे-बटाटे राहत. त्यांना टोपलीत हलवण्यात आलं. पफच्या तयार पट्ट्यांची दोन पाकिटं आणली गेली. सारण तर पहिल्याच फटक्यात जमलं. सफरचंदाचे बारीक तुकडे, बेदाणे, सुके जर्दाळू, संत्र्याची किसलेली साल, साखर, दालचिनी, चिमूटभर लवंगपूड, जायफळ. कढईतून असा काही वास सुटला की नवरा चष्मा न लावताच स्वयंपाकघरात आला.

हा नवरा गाडी चालवायला शिकवतो. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून न ओरडण्याचा त्याला पगार मिळतो.

मग पट्टी उलगडली आणि घात झाला. पाकिटात घडी घालून ठेवलेली असल्याने तिच्यावर घडीच्या दोन ठळक रेषा होत्या. काकूंना रेषा बघवल्या नाहीत. त्यांनी लाटणं घेतलं. आडवं फिरवलं, उभं फिरवलं, कडा ताणल्या, पुन्हा तळहाताने दाबलं. पट्टी चादरीसारखी गुळगुळीत झाली, शिवाय हाताच्या उबेने मऊ पडली. त्यात सारण भरून, त्रिकोण करून, तेही वरून एकदा दाबून त्यांनी ओव्हनमध्ये सरकवले.

बाहेर आल्या त्या खाकी वड्या. जाडी पोस्टकार्डाची.

नवऱ्याने एक उचलून उजेडात धरली. "छान आहे. फाईलला लावता येईल."

"थट्टा नको. चुकलं कुठं ते सांगा."

त्याने चष्मा लावून पाकिटामागचं वाचलं. "अगं, हे पदरावर पदर आहेत. मधे लोणी. तापलं की आत वाफ होते आणि ती पदर उचलते."

"वाफ उचलते?" काकू थक्क झाल्या. "माझ्याकडे तर वाफ झोपवते!"

"तुझी वरून लागते. ही आतून. तू मधे पडू नकोस."

दुसरं पाकीट शेवटचं होतं आणि निघायची वेळ जवळ येत होती. नवऱ्याने लाटणं काढून घेऊन कपाटावर ठेवलं आणि तो शेजारी उभा राहिला. "थंड आहे तोवर काप. हं. सारण मधोमध. कमी, कमी. आता दुमड. कडा दाब काट्याने, फक्त कडा. अगं, हात वर! वर!"

"एकच दाबते."

"हात वर."

दुधाचा हात फिरवून, वाफेला एक चीर ठेवून, साखर भुरभुरून ताट आत गेलं. काकू ओव्हनच्या काचेसमोर फतकल मारून बसल्या. आधी काहीच होईना. मग एका त्रिकोणाने कड उचलली. मग शेजारच्याने. मग सगळेच्या सगळे अंग सोडून वर येऊ लागले, एक तर चक्क तिरका, पिऊन आल्यासारखा.

"अहो, फुगलं! फुगलं!"

ओरडा ऐकून शेजारच्या घरातले ड्रायव्हर धावत आले. "काय फुटलं? सिलिंडर?"

"पफ!" काकू ओरडल्या आणि त्यांच्याही हातात एक गरम पफ कोंबला.

नणंदेच्या घरी डबा उघडला तेव्हा वास आधी बाहेर पडला. नणंदेने दोन बोटांनी एक उचलला, तपासणीला घ्यावा तसा, आणि चावा घेतला. पापुद्र्यांचा पाऊस थेट तिच्या रेशमी पोशाखावर.

"कुणीतरी ताटली द्या ना!"

सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ताटल्या कोणीही आणल्या नव्हत्या. मग दीर गॅलरीत वर्तमानपत्र पसरून खाऊ लागले, जाऊ बेसिनवर वाकून, आणि नणंद तिथंच, ओंजळ धरून. केक रिबिनीसकट खोक्यात तसाच राहिला.

"पुढच्या वर्षी ताटल्या मी आणते," नणंद भरल्या तोंडाने म्हणाली आणि डब्याकडे हात नेला. "तुम्ही आपलं हेच करा, वहिनी. जरा जास्त."

काकूंच्या ड्रेसला त्या दिवशी इस्त्री करायची राहून गेली होती.