पठारावरची पंचवीस मिनिटं

माया बनसोडे कऱ्हाड आगारात कंडक्टर आहे. मूळची आटपाडीची. लग्न मोडल्यावर तिनं कऱ्हाडलगतच्या मलकापुरात एक खोली भाड्यानं घेतली, त्याला आता अकरा वर्षं होतील. दिवसभर तिच्याभोवती माणसंच माणसं. "पुढं सरका, दारात थांबू नका" हे म्हणून म्हणून घसा बसतो. पण संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं, की दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या तिकिटापर्यंत तोंडातून शब्द निघत नाही.

पहाटेच्या ड्युटीला रिक्षा मिळेना, म्हणून तिनं सायकल घेतली. मग सुट्टीच्या दिवशी आगाशिवच्या डोंगरापर्यंत जाऊ लागली, मग त्याच्याही पुढं. खोलीत बसण्यापेक्षा चढावरचा दम बरा वाटायचा. चार वर्षांनी तिनं जाड टायरची, डोंगरातली सायकल घेतली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी एका शर्यतीत नाव घातलं. साताऱ्याहून शिराळ्यापर्यंत, कच्च्या वाटांनी साडेतीनशे किलोमीटर, चार दिवस. यवतेश्वर, कास, महाबळेश्वर, केळघर घाट, पाटणच्या वरचं पठार, शिराळ्याच्या अलीकडचं गुढे-पाचगणी. नियम एकच, पण कडक होता. दुसऱ्या कुणाची मदत घ्यायची नाही. कुणी सायकलला हात जरी लावला तरी स्पर्धक बाद.

प्रत्येकाच्या सायकलला एक यंत्र बांधलेलं होतं. कोण कुठं पोचलं ते घरच्यांना मोबाइलवर ठिपक्यासारखं दिसायचं. साताऱ्यात सगळे आपापल्या घरी सांगत होते, "ठिपक्यावर लक्ष ठेवा हं." मायानं पुण्यातल्या भावाला, रोहनला, तेवढं कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

पहिले दोन दिवस ती मागच्या घोळक्यात होती. केळघरच्या उतारावर पुढचे निसटले, मागचे दमून थांबले, आणि ती मधे एकटी उरली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटणच्या वरच्या पठारावर धुकं उतरलं. पवनचक्क्यांची पाती दिसत नव्हती, नुसता घूंघूं आवाज येत होता. तिथंच एका दगडावर आपटून तिचा मागचा गिअर तुटला.

सायकल ढकलत ती पहिल्या घरापाशी आली. अंगणात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"कुठली गं तू, बाय?"

"मलकापूरची. जरा अंगणात सायकल दुरुस्त करू का?"

"कर की. ईचारतीस काय?"

म्हातारीचं नाव राहीबाई. दोन्ही मुलं मुंबईला, शेजारची तीन घरं बंद. गिअर बदलता येणार नव्हते, म्हणून मायानं साखळी तोडून आखूड केली आणि ती मागच्या एकाच दातेरी चाकीवर बसवायला घेतली. थंडीनं बोटं वळत नव्हती. सायकल सारखी कलंडत होती. राहीबाई उठली आणि सायकल धरायला पुढं झाली.

"आवं, हात लावू नका!" माया ओरडलीच. "मला बाद करत्यात."

म्हातारी दोन पावलं मागं सरली. हात पदरात घेतले. "बरं बाय. न्हाई लावत."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आठ दीस झालं, मानूस दिसलं न्हाई हितं. च्या ठेवू का?"

"न्हाई, आजी. येळ हुईल."

"बस की घटकाभर. नुसती बस."

साखळी एकदाची बसली. मायानं घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं गेली होती. ती "येते" म्हणाली आणि निघाली. धुक्यात मागं वळून बघितलं तर घर दिसत नव्हतं.

पुढचा प्रत्येक चढ तिनं चालत काढला. ढेबेवाडीजवळ आयोजकांचा फोन आला, "एकतीस नंबर, चालू की बाद?" "चालू," ती म्हणाली. त्या दिवशीचा तो एकच फोन. चौथ्या दिवशी गुढे-पाचगणीच्या उतारावर तिला रडू फुटलं, आणि कशानं ते तिचं तिलाच सांगता येईना. वेळ संपायला चाळीस मिनिटं असताना ती शिराळ्यात पोचली. त्रेचाळीस निघाले होते, एकोणीस पोचले, त्यात ती सतरावी.

गळ्यात पदक घालणाऱ्या पोरीनं विचारलं, "फोटो घरच्यांबरोबर काढायचा ना? कोण आलंय?"

"एकटीचाच काढ."

फोटोत ती हसलीय. आनंद खोटा नव्हताच. एक गिअर, तीन डोंगर, आणि सगळं आपल्या हातानं. पण ते पदरात घेतलेले हात तिच्या डोळ्यांपुढून जाईनात.

पुढच्या सुट्टीला ती पाटणपर्यंत बसनं गेली आणि पठार पायी चढली. धुकं नव्हतं. राहीबाई दारातच उभी होती, डोळ्यांवर हात धरून.

"कोन गं?"

"मी आजी, सायकलवाली. त्या दिवशी आलते."

"कवा?" म्हातारीनं न्याहाळून बघितलं. तिला काहीच आठवत नव्हतं. "असशील बाय. बस. कुठली तू?"

माया ओट्यावर बसली. पाठीवरची पिशवी उतरवून बाजूला ठेवली.

"मूळची आटपाडीची," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.