तिसरी रिंग

आमच्या घरी फोन वाजला की मी अजूनही रिंग मोजतो. त्या संध्याकाळी पहिली झाली, दुसरी झाली... तिसरीला मी धावत जाऊन फोन उचलला, कारण तिसरी रिंग म्हणजे काहीतरी वाईट, ही सवय कारखान्यातली. फोन साताऱ्याहून होता, वाघमारेबाईंचे धाकटे भाऊ यशवंतराव बोलत होते. "साहेब, ताई गेली. सकाळी बसल्या जागी..."

बाई आमच्या सांगलीच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होत्या. कारखाना साताऱ्याला, पंपाचे सुटे भाग ओतायचा. हिशेब आणि विक्री सांगलीत, माझ्याकडे. दिवसभर दोन्हीकडून एसटीडी चालायची. गाडी सुटली का, माल आला का, आणि जाता जाता पाऊसपाण्याचीही चौकशी. मग मंदी आली. ऑर्डरी निम्म्यावर आल्या तरी फोनचं बिल काही उतरेना. मालकांनी ते माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "हे खाली आणा, नाहीतर ऑफिसातलं एक माणूस कमी करा." ऑफिसात माणसं तीन. मी, बाई आणि शिपाई. शिपायाशिवाय बँक-पोस्टाची कामं अडली असती. म्हणजे प्रश्न आम्हा दोघांचाच होता. माझा मुलगा त्या वर्षी बारावीला होता. बाई विधवा, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. हे मी तेव्हाही मनात मांडून पाहिलं होतं, हे आज कबूल करतो.

मी डायलला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. बाई हसल्या. "साहेब, कुलपानं काय व्हतंय? माणसाला बोलायचंच आसतंय. न बोलता कळंल आसं करा की." आणि चहा संपेपर्यंत त्यांनी सगळं ठरवून टाकलं. समोरच्यानं उचललंच नाही तर कॉलचा पैसा पडत नाही. तेव्हा ठरलेल्या वेळी साताऱ्याहून एक रिंग देऊन फोन ठेवायचा, म्हणजे गाडी सुटली. दोन म्हणजे गाडी उद्यावर. तिसरी झाली तर अडचण आहे, उचला. एकदा कुणाचा तरी चुकीचा नंबर लागून एकच रिंग झाली आणि मी पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल निघाल्याचं कळवून बसलो. बाई म्हणाल्या, "त्या माणसाला कामावर घ्या साहेब, फुकटात गाड्या सोडतोय!"

दोन महिन्यांत बिल इतकं उतरलं की मालक स्वतः माझ्या टेबलाशी आले. "ही युक्ती कुणाची हो?"

बाई फोनच्या बोर्डावर होत्या, काचेपलीकडं. मी म्हणालो, "माझीच."

"असं डोकं असलेला माणूस मी मंदीतही सोडायचा नाही," मालक म्हणाले. आणि मग काचेकडं बघत, "पण आता बोलणंच एवढं कमी झालंय, तर ऑपरेटर कशाला लागतोय?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं... नाही उघडलं. बाईंना नोकरी गेल्याचा निरोपही मीच दिला. त्यांनी हेडफोन उतरवून नीट पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "पोराचं बारावीचं बघा साहेब."

त्या साताऱ्याला भावाकडं गेल्या, त्याच्या एसटीडी बूथवर बसू लागल्या. कारखान्यात गेलो की मी तिथं चहाला थांबे. निघताना त्या नेहमी सांगायच्या, "सांगलीत पोचलात की एक रिंग द्या. मी उचलत न्हाई." मी द्यायचो. कधीतरी तीन रिंग द्याव्यात, त्यांनी उचलावं आणि मी सगळं सांगून टाकावं, असं दर खेपेला वाटायचं. पहिली झाली की मी फोन ठेवून द्यायचो.

बाई गेल्यावर भेटायला गेलो. खोलीत बुद्धांच्या तसबिरीपाशी त्यांचा फोटो ठेवलेला, चार शेजारी बसलेले. यशवंतराव उठून माझा हात धरून म्हणाले, "ह्येच ते साहेब! ताई लय सांगायची. रिंगांची युक्ती साहेबांनी काढली, आन् कारखान्याचं बिल उतरवलं." काच पातळ होती, म्हणजे बाईंनी त्या दिवशी सगळं ऐकलं होतं. ऐकून दोन वर्षं त्यांनी माझं खोटं जपलं, सख्ख्या भावापाशीसुद्धा. आणि मी? मी तिथंही मान खाली घालून चहा घेतला.

रात्री सांगलीला पोचलो आणि हात आपसूक बूथच्या नंबरावर गेला. एक रिंग झाली. ठेवला नाही. दोन... तीन. यशवंतरावांनी उचलला. "पोचला व्हय साहेब?"

"पोचलो," मी म्हणालो आणि फोन खाली ठेवला.

ती युक्ती वाघमारेबाईंची होती. हे लिहिलेलं छापून येईल त्या दिवशी मी पुन्हा बूथवर फोन लावणार आहे, आणि यशवंतरावांना हे सांगेपर्यंत ठेवणार नाही.