वाळवणाचं ऊन

कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, म्हणून सोलर कुणाकडून बसवायचं हे वडिलांनी माझ्यावर सोपवलं. एका सोलरवाल्याने मोबाईलवर घराच्या छताचा फोटो पाहूनच सांगितलं, सावली येते, अंगणातला फणस तोडा. फणस आईने लावलेला. उद्या झाड कापायला कटरवाला येणार होता. मला राहवेना, म्हणून वेल्ह्याहून आणखी एका कारागिराला बोलावलं.

त्यांनी जिन्याखाली चपला काढल्या. वर जाऊन हातोडीने स्लॅब हलकेच ठोकत, कान देऊन ऐकत फिरले. खाली येऊन त्यांनी आईलाच विचारलं, "मावशी, थंडीत वाळवण कुठं घालता?"

"गोठ्याच्या स्लॅबवर. तिथं सांजपत्तूर ऊन असतंय."

त्यांनी तोही स्लॅब ठोकून पाहिला. "पक्का हाय. हितंच बसवू."

"आन् फणस?" वडिलांनी विचारलं.

"त्याला कशाला हात लावायचा? फोटोत एका येळचं ऊन दिसतं. वर्साचं मावशींना ठावं."

"मला कुणी इचारलंच न्हाई की!" आई हसत म्हणाली.

मी ओशाळलो. पण कटरवाल्याला "येऊ नका" सांगताना माझा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा निघाला.