आईची पूजा

आज भरितासाठी कांदा चिरायला घेतला आणि हात आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे गेला.

वडील आमच्या बुधवारा वस्तीतल्या शाळेत शिक्षक होते, आईच्या देवपूजेला हसायचे. मी सातवीत असताना गावात भागवतकथेचा मंडप उभा राहिला. सारा बुधवारा तिकडे लोटला. शेवटच्या दिवशी वडील गळ्यात तुळशीची कंठी घालून, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी घरी आले. दुसऱ्या दिवसापासून घरात कांदा-लसूण बंद झाला.

"माझ्या देवाले इतकी वर्षं कांदा चालला," आई एवढंच म्हणाली.

महिनाभराने एका दुपारी मी शाळेतून आले, तर आई स्वयंपाकघरात बसून भाकरीबरोबर कांद्याची पात खात होती. मागोमाग वडीलही आले. ते दारात थबकले. मग त्यांनी बाहेरून दार हळूच ओढून घेतलं आणि माळ जपत तिथेच बसले.

इतक्यात त्याच कथेत कंठी घातलेल्या एक शेजारीणबाई आईला हाक मारत आल्या.

"वहिनी, थोडं थांबा," वडील म्हणाले, "ती पूजेले बसली आहे."

ते खोटं बोलले की खरं, मला अजून कळलेलं नाही. दार लावून घेतल्याशिवाय मात्र मी कांदा तेलात टाकत नाही.